निरगुडे ब्रदर्सची गृहपाठातली वाटणी

पिंपळगाव बसवंतच्या निरगुडे ब्रदर्स पॅकहाउसमध्ये मंगळवारी सकाळी बँकेचा फोन आला आणि सावळीराम निरगुडे यांना कळलं, की आपण गेल्या शुक्रवारीच आपल्या सख्ख्या भावापासून वेगळे झालो आहोत. भाऊ, म्हणजे नाथा निरगुडे, त्या वेळी त्यांच्यापासून सात फुटांवर उभा राहून द्राक्षांचा घड उजेडाकडे धरून बघत होता. वाटणी झालेला माणूस दिसतो तसा तो अजिबात दिसत नव्हता.

बँकेचं म्हणणं साधं होतं. निरगुडे ब्रदर्स ही भागीदारी संस्था विसर्जित झाल्याचा कागद, दोघा भावांच्या सह्यांनिशी आणि नोटरीच्या शिक्क्यानिशी, शनिवारी बँकेला मिळाला होता. जी संस्थाच उरलेली नाही तिच्या खात्यातून ड्राफ्ट काढता येत नाही. सबब जहाज कंपनीच्या भाड्याचा ड्राफ्ट थांबवण्यात आला होता. एवढं सांगून झाल्यावर फोनवरच्या कारकुनाने आपुलकीने विचारलं, "सगळं गोडीगुलाबीने झालं ना साहेब?"

सावळीरामांनी, ज्यांना घरात आणि बाजारात सगळे अण्णा म्हणत, रिसीव्हर खाली ठेवला आणि ऐकलेलं जसंच्या तसं मोठ्याने सांगितलं. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर पॅकिंग लिस्ट टाइप करणाऱ्या त्यांच्या मुलीची, वेदिकाची, बोटं थांबली.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "त्या कागदात एकूण चौदा कलमं आहेत का, तेवढं विचाराल?"

या प्रश्नाचा अर्थ कळायला थोडं मागे जावं लागेल.

वेदिका बी.कॉम. झाली तेव्हा पुढे काय, यावर निरगुड्यांच्या घरात तीन महिने चर्चा चालली आणि तिने अखेर नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात संध्याकाळचा, दोन वर्षांचा, वित्त आणि कायदा असा जोडीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम धरला. तो काय आहे, हे अण्णांना कधीच नीट सांगता आलं नाही. स्थळं यायची, मुलगी काय करते विचारायची, अण्णा सुरुवात करायचे आणि चहा निवायचा. नाथाकाकाने मात्र एका वाक्यात निकाल लावला होता: वकीलही होणार नाय आणि सीएही होणार नाय, असं शिक्षण घ्यायला रोज एसटीने साठ किलोमीटर जायचं, म्हणजे एसटीला देणगी हाय. शेवटी असं ठरलं, की पहिलं वर्ष करून बघावं. दुसऱ्या वर्षाचं गुढीपाडव्याला, हंगाम आटोपल्यावर, दोघे भाऊ मिळून ठरवतील. वेदिका तेव्हापासून पाडव्याकडे डोळे लावून बसली होती. तिला तो अभ्यास मनापासून आवडत होता, आणि ही गोष्ट घरात सांगायची सोय नव्हती, कारण आवडणारी गोष्ट म्हणजे चैन, असा त्या घराचा हिशेब होता.

तिथले वाघचौरे सर एका बाबतीत हट्टी होते. उदाहरणात 'अ' आणि 'ब' लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. अ आणि ब कधी भांडत नाहीत, म्हणून त्यांच्यावरून कायदा कळत नाही, असं त्यांचं मत होतं. खरी माणसं घ्या, खरी मालमत्ता घ्या आणि जमलं तर खऱ्या स्टॅम्प पेपरवर लिहा, म्हणजे हात थरथरतो, असं ते सांगत. फेब्रुवारीत त्यांनी भागीदारी विसर्जनाचा करारनामा तयार करून आणायला सांगितला. वेदिकापाशी खरी माणसं दोन होती. ती दोन्ही ऑफिसात होती. स्टॅम्प पेपरही ऑफिसच्या खणातच होते, फर्मच्या नावाने घेतलेले. तिने गुरुवारी संध्याकाळी बसून चौदा कलमांचा करारनामा मराठीत टाइप केला, स्टॅम्प पेपरवर छापला, वाचला आणि तिला स्वतःचा अभिमान वाटला. मग एसटी गाठायची घाई झाली, म्हणून तो टेबलावर पेपरवेटखाली ठेवला.

पेपरवेटखाली ठेवला, इथेच तिचं चुकलं.

कारण पेपरवेटखालच्या कागदांचा मालक संतोष होता. संतोष हा निरगुडे ब्रदर्सचा अकरा वर्षांचा जुना कारकून. आलेला कागद संध्याकाळपर्यंत ऑफिसात राहू द्यायचा नाही, हा त्याचा बाणा. हंगामात तो रोज सकाळी पेपरवेटखालचे कागद लाल फाइलला लावायचा आणि मालक असतील तिथे जाऊन सह्या घ्यायचा. अण्णा वजनकाट्यापाशी सही करायचे. नाथाकाका टेम्पोच्या बॉनेटवर फाइल ठेवून, एका हातात चहा धरून, सही करायचा. दिवसाला तीस-चाळीस सह्या व्हायच्या आणि गेल्या अकरा वर्षांत दोघांनीही एकही कागद वाचला नव्हता, कारण संतोषने तो वाचलेला असायचा.

संतोषने हाही वाचला होता. नीट, दोनदा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मोठ्या घरची गोष्ट, आपण कोण विचारणारे, असं म्हणून त्याने शुक्रवारी बाकीच्या कागदांबरोबर त्यावरही दोघांच्या सह्या घेतल्या, साक्षीदाराच्या जागी स्वतःची सही केली आणि शनिवारी नोटरीकडे गेला. नोटरी निरगुडे बंधूंच्या सह्या वीस वर्षं ओळखत होता. त्याने शिक्का मारला आणि तोही हळहळला.

एवढ्यावर थांबलं असतं तर कागद फाडून टाकता आला असता. पण वेदिका हुशार विद्यार्थिनी होती. तिने तेरावं कलम घातलं होतं, की या कराराची प्रत फर्मच्या बँकेला त्वरित द्यावी. आणि चौदावं घातलं होतं, की स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस प्रसिद्ध करावी. संतोषने दोन्ही कलमांचं तंतोतंत पालन केलं. वेदिकाला शुक्रवारी गृहपाठ सापडेना, तेव्हा तिला वाटलं तो रद्दीत गेला. तिने दुसरी प्रत साध्या कागदावर काढली आणि वाघचौरे सरांची बोलणी खाल्ली.

आता मंगळवारी, बँकेचा फोन येऊन अर्धा तास होतो न होतो, तोच जाहीर नोटीस छापून आलेलं वर्तमानपत्र पिंपळगावात सगळीकडे वाचून झालं होतं. पॅकहाउसच्या फाटकाशी माणसं जमायला लागली. द्राक्ष उत्पादकांना आपले पैसे आता कोणता भाऊ देणार, हे विचारायचं होतं. शेजारच्या पॅकहाउसवाल्याने टेम्पो विकायचे आहेत का, म्हणून निरोप पाठवला. येवल्याच्या आत्याचा फोन आला. तिने आधी रडून घेतलं आणि मग आईच्या पैठणीचं काय ठरलं ते विचारलं.

वेदिकाने सगळ्यांसमोर कबुली दिली, की हा तिचा गृहपाठ आहे. आता सगळे हसतील, असा तिचा अंदाज होता. पण नाथाकाकाने तोवर कागद हातात घेतला होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो एखादा करारनामा वाचत होता. सातव्या कलमाशी त्याचं बोट थांबलं. कोल्ड स्टोरेज, जागेसह, सावळीराम यांच्याकडे. नाथा यांच्याकडे दोन टेम्पो आणि फर्मचं गुडविल, अंदाजे किंमत अकरा लाख.

"गुडविल मंजे?" काकाने विचारलं.

"आपलं नाव, काका. बाजारातला विश्वास. गेल्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी काढून त्याची किंमत धरतात."

"मंजे अण्णाला कोल्ड स्टोरेज आन मला हवा."

"काका, नुसतं उदाहरण आहे ते."

"उदाहरणात तरी मला द्यायचं व्हतं की कोल्ड स्टोरेज. मनात काय हाय ते उदाहरणातच कळतं."

यावर अण्णांनी भावाची समजूत घालायला हवी होती. तेवढ्यासाठीच त्यांनी आठवं कलम वाचलं आणि त्यांचाही चेहरा बदलला. गुडविल ज्याचं, फर्मचं नावही त्याचंच, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे उद्या अण्णांनी स्वतःच्या कोल्ड स्टोरेजवर निरगुडे ब्रदर्स अशी पाटी लावली, तर नाथा त्यांना कोर्टात खेचू शकत होता. हे कायद्याला धरूनच होतं आणि वेदिकाला त्या कलमाबद्दल विशेष समाधान होतं.

"म्हणजे माझं नाव मी वापरायचं नाय?" अण्णा म्हणाले. "आन सही केलीस तू. वाचलं नव्हतं म्हणतोस?"

"तुमी वाचलं व्हतं का?"

"मी मोठा हाय. मला विश्वासावर सही करावी लागते."

अकरापर्यंत दोघे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले. जे बोलायचं ते वेदिकाला सांगून बोलायचे. तुझ्या बापाला सांग, फाटकापाशी गर्दी झाली. तुझ्या काकाला सांग, दिसतंय मला. वीस वर्षं न भांडलेल्या भावांना भांडायला एक लेखी आधार मिळाला होता आणि तो तिने पुरवला होता, चौदा कलमांत, शुद्धलेखन तपासून.

इकडे खरं संकट पलीकडच्या शीतगृहात गप्प उभं होतं. युरोपला जायच्या चार हजार पेट्या तिथे भरून तयार होत्या. गुरुवारी सकाळी कंटेनर दारात येणार होता. बुधवारी संध्याकाळपर्यंत जहाज कंपनीच्या एजंटला ड्राफ्ट मिळाला नाही, तर कंटेनर दुसरीकडे जाणार आणि पुढचं जहाज दहा दिवसांनी. नवी फर्म, नवं खातं, नवे कागद, यालाही बँकेने आठ दिवस सांगितले होते. द्राक्षं तोवर थांबणार नव्हती.

काकाने अंगातला शर्ट सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वेदे, हा कंटेनर गेला नाय, तर पाडव्यापर्यंत थांबायचं नाय. पुस्तकं उद्याच माळ्यावर. दुसरं वर्ष कॅन्सल." अण्णांनी मान हलवली. त्या दिवसात दोघा भावांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट.

वेदिका मागच्या खोलीत गेली. ती रडत असेल म्हणून तिची आई चंद्रभागाबाई पाणी घेऊन गेली, तर पोरगी भागीदारी कायद्याचं पुस्तक उघडून एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारत होती. आईने पाणी तिथेच ठेवलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

दुपारी दोनला वेदिका गंगापूर रोडवरच्या बँकेत मॅनेजर बागूल यांच्यासमोर बसली होती. बागूल हे नियमाने चालणारे गृहस्थ होते. पंखासुद्धा ते दोन नंबरवरच ठेवत, कारण तीनचा आदेश उन्हाळ्यातच येई. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि खेदाने मान हलवली. कागद गृहपाठ असो की आणखी काही, सह्या खऱ्या होत्या. दोन भागीदारांची संमती झाली की फर्म संपली.

"मॅडम, मेलेल्या माणसाचा चेक आम्ही वटवत नाही," ते म्हणाले.

"बरोबर आहे सर. पण फर्म म्हणजे माणूस नाही. माणूस मेला की त्याचं अर्धवट काम त्याला पुरं करता येत नाही. फर्मला येतं." तिने पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं. "कलम सत्तेचाळीस. विसर्जनाच्या वेळी जो व्यवहार सुरू झालेला पण अपुरा असेल, तो पूर्ण करण्यापुरता भागीदारांचा अधिकार शिल्लक राहतो. ऑर्डर तीन फेब्रुवारीची आहे. विसर्जन अठराचं. हा व्यवहार अपुरा आहे."

बागूल यांनी चष्मा लावून कलम वाचलं. मग चष्मा काढून वाचलं. मग पुस्तकाचं मुखपृष्ठ बघितलं, ते खरंच कायद्याचं आहे ना म्हणून. त्यानंतर त्यांनी विभागीय कार्यालयातल्या विधी अधिकाऱ्याला फोन लावला आणि वेदिकाने बाकावर बसून पाऊण तास भिंतीवरचं व्याजदराचं कोष्टक पाठ केलं. फोन ठेवल्यावर बागूल यांनी तिच्यासाठी चहा मागवला. तिथेच तिला समजलं, की आपण जिंकलो. चहा काही कोणत्या आदेशात बसत नव्हता.

अट मात्र एकच होती. अपुरा व्यवहार पूर्ण करत असल्याचं पत्र हवं, आणि त्यावर दोघा भागीदारांनी बँकेत येऊन, एकमेकांसमोर सही करायला हवी.

आता हे दोघे एकमेकांसमोर यायला तयार नव्हते. काका म्हणाला, आधी अण्णाने करू दे. अण्णा म्हणाले, धाकट्याने आधी करावी. वेदिकाने त्यांना रक्ताच्या नात्याची आठवण दिली नाही, वाडवडिलांचं नावही काढलं नाही. तिच्या अभ्यासक्रमात वित्त हा निम्मा भाग होता.

काका टेम्पोच्या पायरीवर बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली.

"काका, तुमच्या वाट्याला अकरा लाखांचं गुडविल आलंय. कंटेनर गेला नाही, तर युरोपचं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी आपल्याकडे येणार नाही. मग त्या गुडविलची किंमत किती?"

"किती?"

"शून्य."

काकाने मान वळवून शीतगृहाकडे बघितलं. "आन अण्णाचं कोल्ड स्टोरेज?"

"ते कुठं जातंय. भिंती आहेत त्याला."

"मंजे माल सडणार दोघांचा, आन बुडणार माझं एकट्याचं." काकाने पायातली चप्पल नीट केली. "लय वंगाळ शिकवतात गं तुला तिथं. चल, कुठं सही करायची?"

अण्णा कोल्ड स्टोरेजच्या दाराशी होते. तिथे तिने दुसरं गणित मांडलं. सातव्या कलमाप्रमाणे ही इमारत आता तुमची एकट्याची, तेव्हा आतल्या चार हजार पेट्या जेवढे दिवस इथे राहतील तेवढ्या दिवसांचं वीजबिलही एकट्याचं. पेट्या सडल्या तर त्या काढून टाकायची मजुरीही. काकाला यातलं काही द्यावं लागणार नाही, त्याच्याकडे फक्त नाव आहे आणि नावाला वीज लागत नाही. अण्णांनी तिचं बोलणं संपू दिलं नाही. ते गाडीची किल्ली शोधायला लागले.

बुधवारी सकाळी निरगुडे ब्रदर्स दोन वेगवेगळ्या गाड्यांतून बँकेत आले आणि सोफ्याच्या दोन टोकांना बसले. मधल्या जागेत वेदिका बसली. बागूल यांनी पत्र पुढे केलं. अण्णांनी पेन उचललं आणि मग काही केल्या सही करेनात. ते वाचत होते. पहिल्या ओळीपासून. ते झाल्यावर काकाने वाचलं, आणि एका शब्दापाशी थांबून, वेदिकाला न विचारता, थेट भावाला विचारलं, "अण्णा, 'तद्नंतर' मंजे?"

"त्याच्यानंतर," अण्णा म्हणाले.

"मग तसं लिव्हायचं ना."

"हां. उगाच अवघड करत्यात."

तेवढ्यावर सोफ्याचं मधलं अंतर मिटलं. दोघांनी मिळून बँकेच्या भाषेला दहा मिनिटं नावं ठेवली, सह्या केल्या आणि परत जाताना एकाच गाडीतून गेले. दुसरी गाडी संतोषला बसने जाऊन आणावी लागली. ड्राफ्ट दुपारी एजंटच्या हातात पडला. गुरुवारी सकाळी सातला कंटेनर दारात लागला, साडेदहाला भरून निघाला, आणि तो मुंबई-आग्रा रस्त्याला लागेपर्यंत वेदिका फाटकात उभी होती. काका तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याने हातातल्या घडातली चार द्राक्षं तोडून तिला दिली. एक्स्पोर्टच्या घडातली द्राक्षं काकाने कुणाला तोडून दिल्याचं पॅकहाउसमध्ये कुणाच्या आठवणीत नव्हतं.

नोटरीचा शिक्का, बँकेची पोच आणि जाहीर नोटिशीचं कात्रण जोडून तिने गृहपाठ पुन्हा सरांना दिला. वाघचौरे सरांनी पंचवीस वर्षांत अंमलबजावणी झालेला गृहपाठ पाहिला नव्हता. त्यांनी दहापैकी नऊ दिले. एक गुण साक्षीदार एकच आहे म्हणून कापला.

पुढे रीतसर नवी फर्म काढायची वेळ आली, तेव्हा पिंपळगावातली आणखी तीन भावाभावांची दुकानं आपले जुने करारनामे पिशवीत घालून निरगुड्यांच्या ओट्यावर येऊन गेली होती. आमचंबी एकदा बघून दे, म्हणत होती. काका त्यांना बाहेर बसवून ठेवायचा, मॅडम आत कामात हायेत म्हणायचा आणि आत येऊन वेदिकाला सांगायचा, थोडा वेळ काढ, लगेच बोलावू नको. नव्या करारात तिसरा भागीदार म्हणून वेदिकाचं नाव घालायचं, हेही त्यानेच ठरवलं. अण्णांनी कारण विचारलं, तर तो म्हणाला, बाहेर राहून तिने आपली फर्म चार दिवसांत मोडली. आत असलेली बरी.

करार वाचायला दोघा भावांना दोन संध्याकाळी लागल्या. पाडव्याच्या दिवशी सह्या झाल्या, श्रीखंड झालं, आणि वेदिकाने घाबरत घाबरत दुसऱ्या वर्षाचा प्रवेश अर्ज दोघांच्या मध्ये ठेवला. अण्णांनी तो भावाकडे सरकवला. काकाने पुढून वाचला, मागून वाचला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"दुसरंच वर्ष हाय फक्त," तो म्हणाला. "तिसऱ्याचा फॉर्म कुठाय?"

"दोनच वर्षांचा कोर्स आहे काका."

"मंजे पुढच्या वर्षी संपणार?"

"हो."

काकाने अण्णांकडे पाहिलं. अण्णाही काळजीत पडले होते. ओट्यावर पिशव्या घेतलेली दोन माणसं वाट बघत होती. काकाने बराच विचार केला, पेनचं टोपण उघडलं आणि सही करता करता म्हणाला,

"मग दुसरं दोनदा कर."